एअरबोटचं लायकॉमिंग सकाळी ठोकतं, मिसिंग मारतं आणि तापलं की गप्प होतं: चार वेळा खोलल्यावर काय सापडलं

आधी लक्षण सांगतो, तुमच्याकडे हेच होत असेल तरच पुढचं वाचा, नाहीतर वेळ फुकट जाईल. एअरबोट, म्हणजे मागे विमानाचं लायकॉमिंग इंजिन आणि पंखा लावलेली बोट, दहा-पंधरा दिवस उभी राहिली की पहिल्या स्टार्टला इंजिन अख्खी फ्रेम हलवतं, चारातला एक सिलिंडर सुट्टीवर गेलाय असं वाटतं, सोबत वरच्या बाजूने टक-टक-टक असा कोरडा लोखंडी आवाज, आणि तीन-चार मिनिटांत इंजिन तापलं की जसं काही झालंच नाही. मग दिवसभर तक्रार नाही. परत दोन आठवड्यांनी तेच. मधून मधून फुल थ्रॉटलला चिखलावर चढताना पण दम कमी वाटायचा, पण त्याकडे आम्ही "वजन जास्त झालं असेल" म्हणून बघितलंच नाही.

मी मूळचा डिझेलवाला. ट्रॉम्बेच्या बाजूला मासेमारीच्या बोटींची इंजिनं करतो, वीस वर्षं तेच. डिझेलमध्ये ठोकणं म्हणजे नोझल नाहीतर पंपाचं टायमिंग नाहीतर बेअरिंग, कान लावला की कळतं. हे एअरबोटचं प्रकरण एका कॉन्ट्रॅक्टरमुळे गळ्यात पडलं. ठाण्याच्या खाडीत विजेच्या टॉवरच्या पायांपर्यंत माणसं आणि सामान न्यायचं त्याचं काम आहे, ओहोटीला तिथे नुसता गाळ, साधी बोट रुतून बसते, म्हणून सपाट तळाची बोट आणली, पाण्याखाली पंखा नाही, मागे पिंजऱ्यात विमानाचा प्रोपेलर आणि त्याला लायकॉमिंग ओ-३६०, चार सिलिंडर, एअरकूल्ड, २७०० आरपीएमला १८० हॉर्सपॉवर. उधाणाच्या दिवसांत पाणी भरपूर असतं तेव्हा साध्या बोटीने भागतं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, हिला काढतात. म्हणूनच ते दहा-पंधरा दिवसांचं गणित. हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.

पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी सरळ प्रोपेलर बघितला आणि तिथे खरंच काहीतरी होतं. एका पात्याच्या मागच्या अंगाला वाळलेला गाळ चिकटलेला, बोटाच्या पेराएवढा जाड, सिमेंटसारखा कडक. पातं एवढंसं जरी जड झालं तरी त्या स्पीडला केवढं हलणार विचार करा. ओल्या फडक्याने पुसला, पात्याच्या धारा नखाने चाचपल्या, हबचे बोल्ट टॉर्क पान्याने बघितले, इंजिनच्या माउंटचे रबर बघितले, एक्झॉस्टचा पाइप फ्रेमला कुठे टेकत नाही ना ते बघितलं. हलणं निम्मं गेलं. मी खूश, बिल दिलं, घरी. एअरबोट हलते म्हटलं की आधी हे बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. पण पात्यावरचा गाळ टकटक करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्यांदा प्लग. या इंजिनला प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनला दोन वेगळे मॅग्नेटो (ठिणगीची वीज बनवणारी यंत्रं), एक मॅग्नेटो मेला तरी इंजिन चालावं म्हणून. आठ प्लग काढले, खालचे चार तेलाने काळे, आणि खालचे नेहमीच थोडे तसे असतात कारण सिलिंडर आडवे झोपलेले, तेल खाली उतरतं. साफ केले, गॅप १६ ते २१ थाऊमध्ये (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणला, मल्टीमीटरने प्लगचा रेझिस्टन्स बघितला, पाच हजार ओहमच्या वर गेलेले दोन होते ते बदलले. खारी हवा असल्यामुळे मॅग्नेटोच्या वायरींची टोकं हिरवी पडलेली, ती पण साफ. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, बझरने बघितलं, डेटा प्लेटवर २५ डिग्री लिहिलंय, बरोबर २५ वर होतं. इंजिन सुरू केलं तर लोण्यासारखं चाललं. अर्थात चालणारच, प्लग काढायच्या आधी मी ते दहा मिनिटं चालवून गरम केलं होतं.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला तेव्हा माहीत असती तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या. इंजिन मिसिंग मारत असताना मॅग्नेटो एक-एक करून बंद करून बघा. एका मॅग्नेटोवर मिसिंग जास्त आणि दुसऱ्यावर साफ, तर गडबड प्लगमध्ये, वायरीत किंवा त्या मॅग्नेटोत. दोन्हींवर सारखंच मिसिंग असेल तर एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग एकाच दिवशी मरणं कठीण, म्हणजे आग लागतेय पण सिलिंडरमध्ये दाब धरत नाहीये किंवा माल पोचत नाहीये. निरोगी इंजिनला एक मॅग्नेटो बंद केला की आरपीएम थोडे पडतात, १७५ पर्यंत चालतं, आणि दोन्हींच्या पडण्यात ५० पेक्षा जास्त फरक नको. आमचे गरम असताना ९० आणि ११० पडले, एकदम शहाणं बाळ. थंड असताना तपासायचं कुणाला सुचलंच नाही.

तिसऱ्यांदा मी पेट्रोलवर घसरलो, आणि तिथे पण खरंच काहीतरी निघालं, म्हणून तर आणखी फसलो. नाखवा, म्हणजे बोट चालवणारा, पंपावरून कॅनने पेट्रोल आणायचा. देशात २०२३ पासून इ२० आलं, आता पंपावर तेच मिळतं, वीस टक्के इथेनॉल. लायकॉमिंग आपल्या इंजिनांना इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालत नाही असं स्पष्ट सांगतं. एक तर कार्ब्युरेटरचा जेट साध्या पेट्रोलच्या हिशोबाने बसवलेला असतो, इथेनॉलला त्याच हवेत जास्त माल लागतो, तो मिळत नाही, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि माल कमी, आणि सिलिंडरचं हेड तापतं. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खाडीवर अर्धी टाकी रिकामी ठेवून बोट पंधरा दिवस उभी केली तर काय होणार, पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत थोडं काढलं तर खाली वेगळा थर स्पष्ट दिसत होता, हलवलं की दुधी.

तुम्हाला घरी तपासायचं असेल तर आखणी केलेली काचेची नळी घ्या, १० एमएल पाणी, वर ९० एमएल पेट्रोल, बूच लावून हलवा आणि उभी ठेवा. साधं पेट्रोल असेल तर पाण्याची रेघ दहावरच राहते. आमची पंचविसाच्या वर जाऊन थांबली. नाखवा बघतच राहिला, म्हणाला, "म्हणजे एवढी दारू पाजत होतो मी हिला?"

टाकी रिकामी, धुऊन पुसून कोरडी, कार्ब्युरेटर खोलून साफ, नीडलचं सीट बदललं, नळ्या बदलल्या, आणि अ‍ॅव्हगॅस १००एलएलचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, ड्रम आणला. हे निळसर असतं, आपल्याकडे २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला बनवतंय, पण आपल्यासारख्याला पाच-दहा लिटर सुटं कुणी देत नाही, ड्रमच घ्यावा लागला, आणि कॉन्ट्रॅक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. पंपावरचा ऑक्टेन आकडा आणि विमानाच्या पेट्रोलचा आकडा वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे "९५ आहे की, चालेल" हे गणित चुकीचं आहे. चिखलावर चढतानाचा दम परत आला. मी म्हटलं सापडलं. दोन आठवड्यांनी सकाळी साडेसहाला नाखव्याचा फोन, पलीकडे मागे टक-टक-टक ऐकू येतंय.

मग मात्र मी हात टेकले आणि जुहूच्या एका काकांना फोन केला. आयुष्य हँगरमध्ये गेलेला माणूस, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी सगळं रामायण सांगितलं, वर माझं निदान पण सांगितलं की हे डिटोनेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला माल नीट जळण्याऐवजी एकदम भडकतोय. काका म्हणाले, "अरे, डिटोनेशन तुला ऐकू आलं कसं? प्रॉप फिरत असतो ना? विमानाच्या इंजिनात ते कानाला कळण्याआधी पिस्टनला कळतं." बरोबरच होतं. कारमध्ये जो खणखण आवाज येतो तो इथे प्रोपेलर आणि एक्झॉस्ट गिळून टाकतात. डिटोनेशनचा पुरावा प्लगवर बघायचा, चिनीमाती तडकलेली किंवा टोकावर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके. आमचे प्लग स्वच्छ होते. आयडलला स्पष्ट ऐकू येणारी टकटक म्हणजे लोखंड लोखंडाला लागतंय, जाळाचा संबंध नाही.

मग त्यांनी विचारलं कुठला सिलिंडर. मी सांगितलं चार नंबरवर संशय होता पण कॉम्प्रेशन चांगलं आहे, ८० ला ७६, म्हणजे ८० पीएसआय हवा दिली तर ७६ टिकते. थोडा वेळ शांतता, मग, "इंजिन तुझ्याकडे तोंड करून बसलंय का पाठ करून?"

इथे आमची सगळ्यात मोठी फजिती झाली. लायकॉमिंगमध्ये प्रोपेलरकडची बाजू म्हणजे पुढची, आणि मॅग्नेटोच्या बाजूने प्रोपेलरकडे बघत उभं राहिलं तर उजवीकडे १ आणि ३, डावीकडे २ आणि ४, त्यातले १ आणि २ प्रोपेलरजवळचे. विमानात पायलट तसाच बसतो म्हणून घोळ होत नाही. एअरबोटवर प्रोपेलर मागे, ड्रायव्हर इंजिनकडे पाठ करून बसतो, त्यामुळे सगळं उलटं, खरा एक नंबर ड्रायव्हरच्या मागे डावीकडे लांबच्या टोकाला. मी ड्रायव्हरच्या जवळचा उजवा एक धरून चाललो होतो. म्हणजे माझा एक तो खरा चार, माझा चार तो खरा एक. माझ्या पोऱ्याने एका पुस्तकातला फोटो बघून खरे नंबर धरले होते आणि मी माझे. मी त्याला सांगितलं चारचं कॉम्प्रेशन बघ, त्याने खरा चार बघितला आणि सांगितलं मस्त आहे. ज्या सिलिंडरवर संशय होता त्याला कुणी हातच लावला नव्हता.

पण काकांचं खरं म्हणणं पुढे होतं. "आणि कॉम्प्रेशन गरम इंजिनवर घेतलंस ना? तसंच घेतात. पण तुझा आजार थंड असताना आहे, तू प्रत्येक वेळी पेशंटला बरा करून मग तपासतोयस." त्यांनी सांगितलं की याला त्यांच्याकडे मॉर्निंग सिकनेस म्हणायचे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी ज्या गाइडमध्ये, म्हणजे नळीत, वर-खाली होते तिथे जळलेल्या तेलाची राख आणि कार्बन साचतो, जागा इतकी कमी होते की इंजिन थंड असताना दांडी अडकते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गायब, इंजिन मिसिंग मारतं. व्हॉल्व्ह वेळेवर मागे येत नाही आणि रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा हात, त्याला सोडून हलतो, म्हणून टकटक. तापलं की सुटतं. ठोकणं आणि मिसिंग, दोन्हीला एकच कारण. मी दोन वेगळे रोग धरून दोन वेगळी औषधं देत होतो.

पुढच्या भांगाला मी आदल्या रात्रीच नाखव्याला बजावलं, मी येईपर्यंत स्टार्टरला हात लावायचा नाही. सकाळी सहाला जेट्टीवर. आठही वायरी प्लगवरून काढल्या, प्लग जागेवर ठेवले. हे करायचंच, कारण मॅग्नेटोचा स्विच बंद म्हणजे मॅग्नेटो बंद असं नाही, अर्थची एक वायर तुटलेली असली की तो जिवंतच असतो, आणि एका मॅग्नेटोत इम्पल्स कपलिंग असतं ते हाताने हळू फिरवलं तरी ठिणगी पाडतं. खटकन आवाज येतो तो त्याचाच. हात जाईल, हे लक्षात ठेवा.

मग पातं धरून हळूहळू फिरवलं. पहिलं कॉम्प्रेशन आलं, पातं हाताला मागे ढकलतंय. दुसरं आलं. तिसरं आलं. चौथ्याला पातं असं सरकलं की जणू समोर कुणी नाहीच, आणि मागे डाव्या एक्झॉस्टमधून बारीक फुस्स. परत फिरवलं, परत तीन धक्के आणि एक फुस्स. नाखव्याने पाइपाच्या तोंडाशी हात धरला, म्हणाला, "इकडून श्वास सोडतेय." तीन फेऱ्यांत जे सापडलं नाही ते फुकटात, अवजाराशिवाय, दोन मिनिटांत सापडलं.

खात्री म्हणून वायरी लावून इंजिन मिनिटभर चालवलं आणि बंद करून चारही एक्झॉस्टच्या मुळाशी ओल्या फडक्यातून पाण्याचे थेंब सोडले. तिघांवर चर्र करून उडाले, एकावर नुसते ओघळले. खरा एक नंबर.

रॉकर कव्हर उघडलं, पुशरॉड (रॉकरला ढकलणारा दांडा) काढला आणि खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर लोळवला. सरळ असेल तर गुपचूप लोळतो, हा मधेच टुकटुक करत होता, म्हणजे वाकलाय. व्हॉल्व्ह कधीतरी बंद अवस्थेतच अडकला असणार आणि रॉकरने जोर लावल्यावर बिचारा पुशरॉड वाकला. हा बदलायचाच, ठोकून सरळ करायचा नाही.

गाइड साफ करायला सिलिंडर उतरवायची गरज नाही, त्याची एक युक्ती आहे. प्लगच्या भोकातून आत दोरी भरायची, बरीच, आणि प्रॉप हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा, दोरी चेपली जाते आणि व्हॉल्व्हला खालून टेकू मिळतो. मग स्प्रिंग दाबून लॉक काढायचे, स्प्रिंग बाहेर, पिस्टन खाली, दोरी बाहेर, आणि व्हॉल्व्ह आत ढकलून गाइड मोकळी. नाखव्याने उत्साहात जाळ्याची दोरी आणून दिली, ती मी परत दिली कारण तिच्यात अख्ख्या खाडीचं मीठ आणि वाळू, ते सिलिंडरमध्ये नको. नवी नायलॉनची मऊ दोरी आणली, आणि एक टोक बाहेर बांधून ठेवलं, आत हरवली तर रडायची वेळ.

गाइडमध्ये त्याच मापाचा रीमर, म्हणजे भोक आतून खरवडायचं हत्यार, ग्रीस लावून हाताने फिरवला, ग्रीस अशासाठी की कचरा त्याला चिकटावा. जे निघालं ते काळं, काचेसारखं कडक, नखाने खरवडेना. मग एअर मारून साफ, दांडी पॉलिश, व्हॉल्व्ह परत भोकातून ओढून वर घेणं हे मात्र अर्ध्या तासाचं आणि भरपूर शिव्यांचं काम. एक सावधगिरी, या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांडीत आत सोडियम असतं, उष्णता वाहून न्यायला. व्हॉल्व्ह बदलला तर जुना कापू नका, भंगारवाल्याला पण सांगा, सोडियमला पाणी लागलं की पेट घेतं.

जोडताना पुशरॉड उचलणाऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरमधलं तेल पूर्ण काढून कोरडी फट मोजली, २८ ते ८० थाऊमध्ये हवी, आमची ५० आली. मग कॉम्प्रेशन परत घेतलं, या वेळी बरोबर सिलिंडरचं. टेस्टर मी मुंबईच्या नागदेवी बाजारातून दोन गेज आणि रेग्युलेटर आणून घरीच बनवलाय, मधे एक मिलिमीटरचं भोक, एका बाजूला ८० पीएसआय द्यायचं आणि दुसऱ्या बाजूला किती टिकतं बघायचं. ८० ला ७४. ६० च्या खाली गेलं किंवा सिलिंडरांमध्ये दहा-पंधराच्या वर फरक आला तर हवा कुठून सुटते ते ऐकायचं, एक्झॉस्टमधून, कार्ब्युरेटरमधून की तेलाच्या ब्रीदरमधून. आणि ही टेस्ट एकट्याने करू नका, ८० पीएसआय पिस्टनवर पडलं की प्रॉप झटक्यात फिरतो, पातं धरायला दुसरा माणूस पाहिजेच.

आता प्रश्न असा की एक नंबरलाच का. ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सिलिंडरांच्या मधे पत्र्याचे बॅफल असतात, हवा सिलिंडर गार करणाऱ्या फिनांच्या अंगाला चिकटून जावी म्हणून. एक आणि तीनच्या मधला गायब. पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, तो खडखडत होता म्हणून मीच काढला, गॅरेजात ठेवलाय." पत्रा बिनकामाचा दिसतो, पण तो नसेल तर हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि हेडची मागची बाजू, जिथे एक्झॉस्टची गाइड आहे, ती भाजत राहते. हेड टेंपरेचरचा सेन्सर एकच, तो लावलेला दुसऱ्या बाजूच्या सिलिंडरला, त्यामुळे मीटरवर सगळं कुशल मंगल. त्यात लीन पेट्रोल. आणि वर नाखव्याची सवय, चिखलावरून फुल थ्रॉटलने येऊन जेट्टीला लागला की लगेच स्विच बंद. प्रोपेलर थांबला की हवा थांबली, लाल झालेल्या गाइडमधलं तेल तिथेच जळून कडक होणार. मग पंधरा दिवस उभी.

बॅफल परत बसवला, खाली सिलिकॉनची पट्टी लावली की खडखडणार नाही. सेन्सर एक नंबरवर हलवला. हेड टेंपरेचरची लाल रेघ ५०० फॅरनहाइट आहे, पण आयुष्य हवं असेल तर ४३५ च्या आत ठेवा, आमचं आता चढावर ४०० च्या आसपास राहतं. बंद करायच्या आधी १००० ते १२०० आरपीएमला चार मिनिटं. नाखव्याला हे पटत नव्हतं, पेट्रोल फुकट जातं म्हणायचा, शेवटी त्याला सांगितलं की जेट्टीला लागल्यावर बिडी पेटव आणि ती संपली की बंद कर, पण बिडी टाकीपासून लांब, टोकाला जाऊन. ते मात्र त्याने लगेच ऐकलं.

त्यानंतर चार भांग गेले. प्रत्येक वेळी पहिल्या सकाळी वायरी काढून आधी हाताने फिरवतो, चार धक्के मोजतो, मगच स्टार्टर. एकदाही टकटक नाही. तीन नंबरच्या धक्क्यात मला थोडा ढिलेपणा वाटतोय, तो बॅफल त्याच्या पण बाजूचाच होता, त्यामुळे पुढच्या उधाणात बोट मोकळी असेल तेव्हा त्याची पण गाइड बघणार आहे. चारही रॉकर कव्हरवर पिवळ्या ऑइलपेंटने आकडे टाकलेत. नाखव्याचं म्हणणं, त्याच्या जवळचा सिलिंडर चार नंबर आणि लांबचा एक हे कुठल्या शहाण्याने ठरवलं. पोऱ्याने पुस्तकातला फोटो काढून त्याच्यापुढे धरला.